न्हाणीघराचा पडदा कापणारी संशोधक

दुसरे महायुद्ध संपले आणि अमेरिकेत घरोघरी पाळणे हलू लागले. रणांगणावरून परतलेल्या तरुणांचे संसार उभे राहिले, शहरांबाहेर नव्या वसाहती वसल्या आणि त्या वसाहतींच्या परसदारी बांधलेल्या दोऱ्यांवर पांढऱ्या चौकोनी लंगोटांच्या रांगा फडफडू लागल्या. अणुबॉम्ब बनवणाऱ्या या देशाला तान्ह्या बाळाचे अंथरूण कोरडे कसे ठेवावे, हे कोडे मात्र सुटलेले नव्हते. ते कोडे आहे, असेच मुळात कोणाला वाटत नव्हते. वाटले ते मॅरियन डोनोव्हन नावाच्या एका गृहिणीला, आणि तेही रात्रंदिवस ओल्या चादरी बदलून जीव मेटाकुटीला आल्यावर.

त्या काळची व्यवस्था साधी होती. सुती कापडाचा चौकोन घडी घालून बाळाला गुंडाळायचा आणि कमरेपाशी सेफ्टी पिनांनी अडकवायचा. कापड भिजले की बाळाचे कपडे, दुपटे, चादर असे सारेच भिजे. ते टाळण्यासाठी वरून रबरी चड्डी चढवत. तिने ओल बाहेर येत नसे हे खरे. पण आत अडकलेल्या ओलीने आणि उष्णतेने बाळाच्या कोवळ्या अंगावर पुरळ उठे. रबराच्या कडा मांड्यांत रुतत, त्यांचे वळ उमटत. आपल्याकडे जुन्या सुती साडीचे किंवा धोतराचे लंगोट करण्याची पद्धत होती. ते भिजल्याबरोबर कळे आणि अंगाला हवा लागे, पण धुण्याच्या राशी काही चुकत नसत. थंड हवेच्या, गाद्यागिरद्यांच्या अमेरिकी घरांत बाळाला तसे मोकळे ठेवणे सोयीचे नव्हते. त्यामुळे आईपुढे दोनच वाटा उरत. चादरी धुवायच्या, नाहीतर बाळाच्या अंगावरचे चट्टे पाहायचे.

मॅरियनचा जन्म १५ ऑक्टोबर १९१७ चा. माहेरचे आडनाव ओब्रायन. इंडियाना राज्यातील साउथ बेंड या गावात तिचे वडील माइल्स आणि त्यांचे जुळे बंधू जॉन यांचा लेथ यंत्रे बनवण्याचा कारखाना होता. १९०६ साली सुरू झालेल्या ‘साउथ बेंड लेथ वर्क्स’चे नाव यंत्रकामाच्या क्षेत्रात सर्वदूर पोहोचले होते. मॅरियन सात वर्षांची असताना तिची आई वारली आणि शाळा सुटल्यावर ही पोर वडिलांच्या मागोमाग कारखान्यात रमू लागली. लोखंडाचा कीस, तेलाचा वास, मोजमापे आणि कागदावरच्या आकृतीतून प्रत्यक्ष उभे राहणारे यंत्र हे तिचे बालपण. वस्तू नीट काम करत नसेल तर नशिबाला बोल लावायचा नाही, ती उघडून पाहायची आणि पुन्हा करायची, ही सवय तिला तेथे लागली. पेनसिल्व्हानियातील रोझमाँट महाविद्यालयातून १९३९ साली तिने पदवी घेतली ती मात्र इंग्रजी साहित्याची. नंतर न्यूयॉर्कला ‘व्होग’ या नियतकालिकात तिने सौंदर्यविषयक विभागात संपादन साहाय्याचे काम केले. १९४२ मध्ये चामड्याचे आयातदार जेम्स डोनोव्हन यांच्याशी तिचा विवाह झाला. पुढे नोकरी सुटली आणि कनेक्टिकट राज्यातील वेस्टपोर्ट येथे संसार सुरू झाला. तेव्हाच्या रीतीप्रमाणे तिची हकीगत येथेच संपायची.

१९४६ साली मॅरियन दोन लहान मुलांच्या आई होत्या. एके दिवशी त्यांनी न्हाणीघरात टांगलेला शॉवरचा पडदा काढला, कापला आणि शिवणयंत्रावर त्याचे लंगोटावरून घालायचे आवरण शिवले. पाणी अडवणे हे पडद्याचे कामच होते. तेव्हा ते बाळाच्या अंगावर का करू नये, असा हा सरळ विचार. पहिला प्रयत्न फसला. मग दुसरा, तिसरा असे करत एकामागून एक पडदे कात्रीखाली गेले. आवरण सैल झाले तर मांडीपाशी ओल झिरपे, घट्ट झाले तर रबरी चड्डीचेच दुखणे परत येई. बाळ पालथे पडते, रांगते, पाय झाडते. कागदावर चोख उतरलेला आकार त्याच्या अंगावर गेला की हलतो. घरच्याच बाळावर प्रयोग चालू असल्याने निकालासाठी थांबावे लागत नव्हते, तो सकाळी चादरीवर दिसत होता.

शेवटी त्यांना हवे ते कापड सापडले. पॅराशूटसाठी वापरले जाणारे नायलॉन. वजनाला हलके, ओल सहजी बाहेर न सोडणारे आणि तरीही रबरासारखे हवा कोंडून न धरणारे. त्या आवरणाच्या आत नेहमीचा सुती लंगोट बसे. सेफ्टी पिनांऐवजी डोनोव्हनबाईंनी दाबून लावायची बटणे बसवली आणि बाळाला पिन टोचण्याची धास्ती संपवली. ज्या सेफ्टी पिनेला त्यांनी रजा दिली तिचीही कथा मोठी गमतीची आहे. वॉल्टर हंट या अमेरिकी कारागिराने १८४९ साली किरकोळ देणे फेडण्यासाठी ती घडवली आणि तिचे हक्क अवघ्या ४०० डॉलरना विकून टाकले. शंभर वर्षे जगभरच्या बाळांना तिने सांभाळले, हंट यांच्या हाती मात्र काही लागले नाही. डोनोव्हनबाई व्यवहारात अधिक सावध निघाल्या.

आवरणाचा आकार होडीसारखा दिसतो म्हणून त्याचे नाव ‘बोटर’ ठेवले गेले. बाळाला पाण्यावर तरंगते ठेवणारे, अशीही त्या नावात थट्टा होती. नमुना घेऊन त्या उत्पादकांच्या दारी गेल्या. मोठमोठ्या कंपन्यांकडून एकच उत्तर मिळाले. अशा वस्तूची मागणी कोणत्याही स्त्रीने आजवर केलेली नाही, बायका आहे त्या रबरी चड्डीवर समाधानी आहेत आणि ती विकतही घेत आहेत. १९७५ साली बार्बरा वॉल्टर्स यांच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमात बाईंनी या फेऱ्यांची हकीगत सांगितली होती. मागणी झाली नाही म्हणजे गरज नाही, हा हिशेब ज्यांनी कधी लंगोट पिळला नाही त्यांचा होता. तक्रार न करता धूत राहणे हाच आईचा गुण मानला जात असताना मागणी येणार तरी कोठून? आणि रबरी चड्डीला पर्यायच नसेल तर ती खपण्यात नवल ते काय?

कोणी तयार होईना, तेव्हा त्यांनी आवरणे स्वतःच बनवून घेतली. १९४९ साली न्यूयॉर्कच्या फिफ्थ अॅव्हेन्यूवरील ‘सॅक्स’ या नामांकित दुकानात बोटर विक्रीस आले आणि हातोहात खपू लागले. जून १९५१ मध्ये पेटंट मिळाले. त्याच वर्षी आपली कंपनी आणि पेटंटचे हक्क त्यांनी केको कॉर्पोरेशनला दहा लाख डॉलरना विकले.

त्याच सुमारास अटलांटिकच्या पलीकडे ब्रिटनमध्ये व्हॅलरी हंटर गॉर्डन नावाची आणखी एक आई १९४७ पासून शिवणयंत्रावर असेच प्रयोग करत होती, आणि तिनेही हात घातला तो जुन्या पॅराशूटच्या नायलॉनलाच. या दोघींचा एकमेकींशी संबंध नव्हता. गॉर्डन यांच्या ‘पॅडी’त मात्र सुती लंगोटाची जागा टाकून देण्याजोग्या घडीने घेतली होती.

बाळाला कापडी लंगोटात ठेवू इच्छिणाऱ्या आजच्या शहरी पालकांना बोटरची रचना ओळखीची वाटेल. बाजारातील कापडी डायपरांचे प्रकार अनेक आहेत. एकात नुसते जलरोधक आवरण असते आणि आत घडीचे कापड ठेवायचे. दुसऱ्याला खिसा असतो, त्यात शोषक पट्टी सरकवायची. तिसऱ्यात सारे एकत्र शिवलेले असते. बाहेरचा थर पॉलिस्टरचा, त्यावर पॉलियुरेथेनचा पातळ लेप आणि बाळ वाढेल तसे माप बदलण्यासाठी पुढे दाबबटणांच्या ओळी. एकत्र शिवलेला प्रकार घालायला सर्वांत सोपा, पण मुंबईच्या पावसाळ्यात तो लवकर वाळत नाही. खिशाची पट्टी वेगळी काढता येत असल्याने ती लवकर सुकते. एखादे डायपर एका बाळाला बेताचे बसते आणि दुसऱ्याच्या मांडीशी गळते. दोन-तीन प्रकार आणून पाहिल्याशिवाय उलगडा होत नाही. वेस्टपोर्टच्या त्या घरात पडद्यांचे जे झाले, तेच येथे पैसे मोजून होते.

बोटरने चादर वाचली, पण लंगोट धुणे राहिलेच होते. म्हणून बाईंनी पुढचा विचार केला तो वापरून फेकून देता येईल अशा कागदी लंगोटाचा. साधा कागद भिजला की लगदा होऊन अंगाला चिकटतो. त्यांना हवा होता तो ओल शोषून त्वचेपासून दूर नेणारा मजबूत कागद. हा नमुना घेऊन त्या मोठ्या कागद कंपन्यांकडे गेल्या. तेथेही ही वस्तू अनावश्यक ठरवण्यात आली. पुढे प्रॉक्टर अँड गॅम्बल कंपनीतील अभियंता व्हिक्टर मिल्स यांना आपल्या नातवंडाचे लंगोट धुण्याचा कंटाळा आला, तेव्हा कोठे एका मोठ्या कंपनीने या प्रश्नाकडे गांभीर्याने पाहिले. डॅलस शहरातील पहिल्या चाचणीत प्लास्टिकच्या चड्डीने बाळे उकाड्यात हैराण झाली आणि आखणी पुन्हा करावी लागली. १९६१ मध्ये पिओरिया येथे ‘पँपर्स’ची चाचणी विक्री सुरू झाली आणि पुढील काही दशकांत कापडी लंगोट अमेरिकी घरांतून जवळजवळ हद्दपार झाला. फेकून द्यायचा डायपर डोनोव्हन यांनीच शोधला, असे अनेकदा लिहिले जाते. ते बरोबर नाही. स्वीडनमध्ये १९४०च्या दशकाच्या आरंभीच कागदी घड्या वापरात आल्या होत्या आणि बाईंचा कागदी नमुना बाजारात कधी आलाच नाही. त्यांचे खरे श्रेय कापडी लंगोटावरच्या त्या नायलॉनच्या होडीचे आहे, आणि ते पुरेसे मोठे आहे.

दहा लाख डॉलर हाती आल्यावर स्वस्थ बसणे त्यांच्या स्वभावात नव्हते. येल विद्यापीठात त्यांनी वास्तुशास्त्राचे शिक्षण घेतले. १९५८ साली पदवी मिळाली तेव्हा त्यांच्या वर्गात अवघ्या तीन स्त्रिया होत्या आणि मॅरियन चाळिशीच्या होत्या. त्यांच्या नावावर एकूण २० पेटंट जमा झाली. त्या साऱ्यांचा माग घराच्या भिंतींच्या आतच सापडतो. दाटीच्या कपाटात तीस कपडे मावतील असा टांगणीचा साचा, पाठीवरची झिप एकटीला ओढता यावी म्हणून तिला लावायची लवचीक दोरी, बोटांना गुंडाळावा न लागणारा दात साफ करण्याचा दोरा. दातांचा विषय तर बालपणापासूनचा. शाळेत असतानाच वडिलांच्या मदतीने तिने दंतमंजन बनवून पाहिले होते. १९८० मध्ये ग्रीनिच येथे त्यांनी स्वतःचे घर स्वतःच आखले.

४ नोव्हेंबर १९९८ रोजी मॅनहॅटनमध्ये हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. २०१५ साली अमेरिकेच्या ‘नॅशनल इन्व्हेंटर्स हॉल ऑफ फेम’मध्ये त्यांचे नाव मरणोत्तर नोंदले गेले. बाईंची रेखाटने, टिपणे, पेटंटची कागदपत्रे आणि जाहिराती वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेतील अमेरिकी इतिहासाच्या राष्ट्रीय संग्रहालयात जतन केलेल्या आहेत.