पाठलाग सोसलेला गृहमंत्री

देवराष्ट्रे गावी १९१३ साली जन्मलेल्या यशवंतराव चव्हाणांनी गरिबीतून कायद्याची पदवी घेतली, कराडला वकिली केली. १९३२ साली कारावास भोगला, १९४२ साली भूमिगत झाले. पोलिसांचा ससेमिरा त्यांनी स्वतः सोसला होता. मुख्यमंत्री असताना १९६० साली त्यांनी नवबौद्धांना राज्यात सवलती दिल्या, हे आम्ही विसरलेलो नाही.

१९६२ च्या चीन युद्धातील नामुष्कीनंतर ते संरक्षणमंत्री झाले आणि १९६६ ते १९७० गृहमंत्री. आता इंटेलिजन्स ब्युरो त्यांच्याच खात्याखाली होता. याच काळात, १९६७ साली, बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायदा म्हणजे यूएपीए संमत झाला. मूळ रोख फुटीरतेवर होता. दहशतवादाची कलमे २००४ साली घातली गेली. १४ एप्रिल २०२० ला, भीमजयंतीदिनीच, याच कायद्याखाली डॉ. आनंद तेलतुंबडे यांना शरण जावे लागले. जामिनाला २०२२ उजाडले.

यशवंतराव १९८४ साली गेले, कायदा मात्र राहिला आणि वाढला. त्यांच्या हेतूवर आम्ही शंका घेत नाही. पण बांधवांनो, सुरक्षेच्या नावाने नवा कायदा येईल तेव्हा मंत्री किती भला आहे एवढ्यावर विसंबू नका. पुढे तो कोणाच्या हाती पडेल, हे आधी विचारा!