रॉबर्ट वायल्डर : तरुणांस सेवेस बोलावणारा कोल्हापूरचा पुत्र

एखाद्या सत्कार्यास पैसा व माणसे हवी असली म्हणजे आपण मंडळीतील वडील माणसांकडे पाहतो. तरुणांविषयी मात्र, ते मोठे झाले म्हणजे त्यांचे त्यांना कळेल, असे म्हणून स्वस्थ बसतो. अशी ज्यांची समजूत असेल त्यांनी रेव्ह. रॉबर्ट वायल्डर यांचे चरित्र ध्यानात घ्यावे, अशी आमची विनंती आहे.

वायल्डर यांचा जन्म १८६३ साली कोल्हापुरास झाला. त्यांचे वडील रेव्ह. रॉयल वायल्डर यांनी तेथे १८५२ साली मिशनचे काम आरंभिले होते. पुढे हे कुटुंब अमेरिकेस परत गेले व रॉबर्ट प्रिन्स्टन येथील कॉलेजात शिकू लागले. १८८३ साली त्यांनी काही सोबत्यांसह मिशनकार्यासाठी एक मंडळ स्थापिले. दर रविवारी हे तरुण वायल्डर यांच्या घरी जमत, आणि परदेशी सेवेस जाण्याची ज्याची तयारी असे तो एका प्रतिज्ञेवर सही करी. रॉबर्ट यांची बहीण ग्रेस त्यांच्यासाठी नित्य प्रार्थना करीत असे.

१८८६ सालच्या उन्हाळ्यात सुवार्तिक मूडी यांच्या विद्यमाने माउंट हर्मन येथे विद्यार्थ्यांची सभा भरली. तीत २५१ विद्यार्थी आले होते. आरंभी प्रतिज्ञा केलेले सुमारे वीसच होते. वायल्डर व त्यांचे मित्र यांनी मोठमोठ्या भाषणांवर भिस्त ठेविली नाही. एकेकास बाजूस घेऊन ते त्याच्याशी बोलत व प्रार्थना करीत. सभा संपली तेव्हा ही संख्या शंभर झाली होती. त्यानंतर लाहोरचे मिशनरी रेव्ह. फोरमन यांचे पुत्र जॉन यांच्यासह वायल्डर वर्षभर कॉलेजोकॉलेजी फिरले, आणि दोन हजारांवर तरुण-तरुणींनी आपली नावे दिली. १८८८ साली या चळवळीस विद्यार्थी स्वयंसेवक चळवळ म्हणून रीतसर रूप आले.

येथे एक अडचण उभी राहिली. जाणारे पुष्कळ, पण पाठविणाऱ्या मंडळांची तिजोरी लहान! यावर विद्यार्थ्यांनीच उपाय केला. जे स्वतः जाऊ शकत नव्हते त्यांनी आपल्यातल्या जाणाऱ्याचा खर्च उचलला. १८८८ साली कॅनडातील टोरोंटो येथून जेम्स गेल कोरियास व जोनाथन गोफोर्थ चीनास गेले, ते त्यांच्या कॉलेजबंधूंनी जमविलेल्या पैशाच्या आधारावरच. आपल्या ओळखीचा सोबती जेथे राबत आहे तेथे तरुणाचा पैसा आपोआप जातो, हे यावरून दिसते.

या कार्याची किंमत वायल्डर यांनाही द्यावी लागली. १८८७ साली वडील निवर्तले. नंतर आई व बहीण कोल्हापूरच्या कामास परत आल्या. परंतु इतरांस जा म्हणणारे रॉबर्ट स्वतः मात्र शिक्षण व चळवळ यांत गुंतून काही वर्षे मागे राहिले. अखेर ते हिंदुस्थानात आले व कलकत्ता आणि पुणे येथील विद्यार्थ्यांत त्यांनी काम केले; तथापि प्रकृतीने साथ न दिल्यामुळे १९०२ साली त्यांस हा देश सोडावा लागला. तरीही विद्यार्थ्यांची सेवा त्यांनी सोडली नाही. १९१९ पासून १९२७ पर्यंत ते त्या चळवळीचे मुख्य चिटणीस होते. १९३८ साली नॉर्वे देशात त्यांचा अंत झाला.

सही करणारे सगळेच गेले असे नाही. पुष्कळांची प्रतिज्ञा कागदावरच राहिली. तरी या चळवळीतून वीस हजारांहून अधिक स्त्रीपुरुष परदेशी सेवेस गेले. म्हणून आम्ही म्हणतो की, नाव घेणे सोपे. नाव देणाऱ्यास पुढे सांभाळणे हे खरे काम.

उपदेशक बंधूंनो, आपल्या गावी कॉलेज नसेल, पण शाळेत जाणारी दहा मुले तर आहेत ना? देवळात सर्वांस मिळून सांगितलेले कोणालाच लागू पडत नाही. एकेकास नावाने हाक मारा. एकास आजाऱ्याच्या घरी पाणी भरण्यास सांगा, दुसऱ्यास घरोघरचे मूठभर धान्य गोळा करण्यास व त्याचा हिशेब स्वतः मंडळीपुढे वाचण्यास सांगा. ज्याच्यावर विश्वास टाकला जातो तो विश्वासू होऊ लागतो. कोल्हापुरात जन्मलेल्या त्या बालकाने हे जगास दाखविले. आपल्या पाड्यातील बालकांस ती संधी द्यावयाची की नाही, हे आता आपल्या हाती आहे.