इंटरनेटची नोंदवही सांभाळणारा माणूस

फेस्टची वेबसाइट तयार आहे. होस्टिंगचे पैसे भरलेत, फाइल्स सर्व्हरवर चढल्यात. पण नाव टाइप केलं की भलतंच पान उघडतं. मग तुम्ही रात्रभर कोडमध्ये चूक शोधत बसता. कित्येकदा ती तिथे नसतेच. ती असते नाव आणि पत्त्याची जोडी लावणाऱ्या एका ओळीत. ही जोडी जगभर नीट लागावी म्हणून ज्यांनी आयुष्य वेचलं, त्या जॉन पोस्टेल यांची ही गोष्ट.

पोस्टेल यांचा जन्म १९४३चा, कॅलिफोर्नियातला. लांब दाढी, पायात सँडल. लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठात ते विद्यार्थी होते, तेव्हा, १९६९ मध्ये, तिथेच इंटरनेटचा पूर्वज 'अर्पानेट' सुरू झाला. कोणता नंबर कशासाठी वापरायचा, याची नोंद कुणीतरी ठेवायला हवी होती. ते कंटाळवाणं काम पोस्टेल यांनी अंगावर घेतलं आणि शेवटपर्यंत सोडलं नाही. पुढे या कामाला 'आयाना' असं भारदस्त नाव मिळालं, पण आयाना म्हणजे मुख्यतः पोस्टेल आणि त्यांचे मोजके सहकारी!

सुरुवातीला सगळ्या कॉम्प्युटरची नावं एकाच फाइलमध्ये असायची आणि प्रत्येक जण ती उतरवून घ्यायचा. मशिन्स वाढली, फाइल पुरेना. तेव्हा पोस्टेल यांनी आपले सहकारी पॉल मोकापेट्रिस यांच्याकडे हा प्रश्न सोपवला आणि १९८३ मध्ये डीएनएस जन्माला आलं. यात सगळं कुणा एकालाच ठाऊक नसतं. रूट सर्व्हर फक्त 'डॉट इन कोण सांभाळतं' ते सांगतो. डॉट इनवाला तुमच्या डोमेनचा नेमसर्व्हर सांगतो. आणि तो नेमसर्व्हर तुमच्या सर्व्हरचा नंबर देतो.

म्हणून साइट बिघडली की याच क्रमाने जा. डोमेन जिथून घेतलंत तिथे नेमसर्व्हर बरोबर आहेत का? 'ए रेकॉर्ड'मधला नंबर तुमच्याच सर्व्हरचा आहे का? होस्टिंगच्या पॅनेलमध्ये ते डोमेन जोडलंय का? नसेल, तर सर्व्हर दुसरंच पान दाखवतो. सगळं बरोबर असेल तर थोडा धीर धरा, कारण वाटेतल्या सर्व्हरनी जुनं उत्तर काही काळासाठी जपून ठेवलेलं असतं.

देशांची डोमेन ठरवताना पोस्टेल यांनी एक शहाणपणा केला. देश कुणाला म्हणायचं, या वादात ते पडलेच नाहीत. आंतरराष्ट्रीय मानक संस्थेची दोन अक्षरी संकेतांची तयार यादीच त्यांनी घेतली. भारताचं डॉट इन १९८९ मध्ये नोंदलं गेलं आणि सुरुवातीच्या काळात ते मुंबईच्या 'नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी'ने सांभाळलं. डोमेन चालवणारा हा मालक नसून विश्वस्त आहे, त्याने हक्काऐवजी सेवेची भाषा बोलावी, असं पोस्टेल यांनी १९९४ मध्ये लिहून ठेवलं.

पण तोवर नावांमध्ये पैसा आला होता. मूळ यादी अमेरिकी सरकारच्या कंत्राटावर एक खासगी कंपनी चालवत होती. जानेवारी १९९८ मध्ये पोस्टेल यांनी रूट सर्व्हर सांभाळणाऱ्या आठ जणांना एक ईमेल पाठवला: यादी आता कंपनीकडून नको, माझ्याकडून घ्या. आणि त्यांनी ऐकलं! जगात कुणाचीही साइट बंद पडली नाही, पण वॉशिंग्टन हादरलं. ही चाचणी होती, असं पोस्टेल यांनी सांगितलं आणि सरकारच्या दबावाखाली आठवडाभरात सगळं पूर्ववत केलं.

तो बंडखोरपणा होता की इशारा, यावर आजही वाद होतो. एक मात्र उघड झालं: एवढं मोठं जाळं कायद्यापेक्षा एका माणसावरच्या भरवशावर चाललं होतं. असा भरवसा किती दिवस पुरणार? त्याच वर्षी हे काम सांभाळायला 'आयकॅन' ही संस्था उभी राहिली. काही आठवड्यांतच, १६ ऑक्टोबर १९९८ रोजी, हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर पोस्टेल गेले. वय अवघं ५५.

त्यांनी कंपनी काढली नाही. नोंदी मात्र चोख ठेवल्या. तुमच्या ग्रुपमध्येही डोमेनचा पासवर्ड, रिन्यूअलची तारीख आणि रेकॉर्डमधले बदल लिहून ठेवणारा एखादा असेल. कुणी त्याचा फोटो पोस्टरवर लावत नाही, पण त्याला जपा. आणि असा कुणी नसेल, तर आजपासून ती वही तुम्हीच उघडा.