नारायण मेघाजी लोखंडे

नारायण मेघाजी लोखंडे यांचा जन्म १८४८ साली झाला. मुंबईच्या एका कापडगिरणीत नोकरीस असताना त्यांनी कामगारांचे हाल डोळ्यांनी पाहिले. सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत काम चाले. आठवड्याची सुटी नसे. बायका व मुलेही त्यातच राबत आणि शरीरे खंगत. जोतीराव फुले यांचे अनुयायी असलेल्या लोखंडे यांनी १८८० साली 'दीनबंधु' पत्र हाती घेतले आणि १८८४ साली कामगारांची सभा भरवून ५,५०० जणांचा अर्ज सरकारी आयोगापुढे ठेवला. अखेर १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली. पुढे मुंबईत प्लेग पसरला. रोग्यांची सेवा करताना त्याच रोगाने ९ फेब्रुवारी १८९७ रोजी त्यांचा अंत झाला. ज्यांच्या विसाव्यासाठी ते झगडले, त्यांच्याच सेवेत त्यांनी देह ठेवला.