विलिस कॅरियर

विलिस हॅविलँड कॅरियर (२६ नोव्हेंबर १८७६ – ७ ऑक्टोबर १९५०) हे अमेरिकन अभियंते होते. त्यांना आधुनिक वातानुकूलनाचे जनक मानले जाते. इमारती थंड करण्याचे प्रयत्न त्यांच्या आधीही झाले होते; परंतु हवेचे तापमान आणि आर्द्रता ही दोन्ही गणित मांडून हव्या त्या पातळीवर राखणे, हे कॅरियर यांचे खरे कार्य होय.

प्रारंभिक जीवन

कॅरियर यांचा जन्म न्यूयॉर्क राज्यातील अँगोला या गावी झाला. बालपणी त्यांना अपूर्णांक उमजत नसत, तेव्हा आईने सफरचंदांच्या फोडी करून ते शिकवले, असे सांगितले जाते. त्यांच्या अकराव्या वर्षी आईचे निधन झाले. १९०१ मध्ये कॉर्नेल विद्यापीठाची पदवी मिळवून ते बफेलो फोर्ज कंपनीत रुजू झाले. तेथे त्यांचे पहिले काम उष्णतेचे होते, थंडाव्याचे नव्हे: लाकूड व कॉफी वाळवणाऱ्या यंत्रणांची आखणी.

छापखान्यातील दमट हवा

ब्रुकलिनच्या सॅकेट-विल्हेल्म्स छापखान्यात दमट हवेने कागद फुगे व कोरड्या हवेने आकसे. रंगीत छपाईत एकेक रंग स्वतंत्रपणे छापला जात असल्याने एका रंगावर दुसरा नेमका बसत नसे आणि कागद वाया जाई. १७ जुलै १९०२ रोजी कॅरियर यांनी या समस्येवरील यंत्रणेचे आराखडे पूर्ण केले. थंड पाणी खेळवलेल्या नळ्यांवरून हवा नेली की तिच्यातील बाष्प नळ्यांवर दवासारखे जमते आणि हवा कोरडी होते. सापेक्ष आर्द्रता ५५ टक्के राखणे हे उद्दिष्ट होते. माणसांचा सुखावा येथे हिशेबातच नव्हता.

त्याच सुमारास पिट्सबर्गच्या रेल्वे स्थानकावर दाट धुके पाहताना त्यांना पुढची कल्पना सुचली. धुक्यातील हवा बाष्पाने संपृक्त असते आणि तिच्यात किती बाष्प मावेल हे तापमानावर ठरते. मग हवेवर थंड पाण्याचेच तुषार उडवले, तर पाण्याचे तापमान बदलून आर्द्रता ठरवता येईल! पाण्याने हवा कोरडी करण्याची ही युक्ती विपरीत वाटते. पण पाणी हवेच्या दवबिंदूपेक्षा थंड असले की हवेतील बाष्पच पाण्यात उतरते. या उपकरणास १९०६ मध्ये पेटंट मिळाले. १९११ मध्ये त्यांनी आर्द्र हवेची सूत्रे अमेरिकन यांत्रिकी अभियंत्यांच्या संस्थेपुढे मांडली.

थंड पाण्याचे यंत्र

१९१५ मध्ये सहा सहकाऱ्यांसह त्यांनी कॅरियर इंजिनिअरिंग कॉर्पोरेशन स्थापन केले. तेव्हाची शीतक यंत्रे अवजड होती आणि त्यांत बहुधा विषारी अमोनिया वापरला जाई. गळती झाल्यास गर्दीच्या ठिकाणी प्राणावर बेतणार. कॅरियर यांनी १९२२ मध्ये सादर केलेल्या यंत्रात (चिलर) दट्ट्याऐवजी वेगाने फिरणारा केंद्रोत्सारी संपीडक होता आणि शीतकही अमोनियापेक्षा कमी धोक्याचा होता. यंत्र तळघरात पाणी थंड करते. ते पाणी नळांतून हवा हाताळणाऱ्या संचांकडे जाते, तेथील हवेची उष्णता घेऊन कोमट होते आणि पुन्हा थंड होण्यासाठी परतते. त्यामुळे शीतक वायू यंत्रघरातच राहतो, लोकांपर्यंत केवळ पाणी पोहोचते. मोठ्या इमारतींत आजही हीच रचना प्रचलित आहे.

१९२४ मध्ये डेट्रॉइटच्या जे. एल. हडसन या दुकानात अशी तीन यंत्रे बसली. १९२५ मध्ये न्यूयॉर्कचे रिव्होली चित्रपटगृह थंड झाले आणि उन्हाळ्यात ओस पडणाऱ्या चित्रपटगृहांकडे प्रेक्षक वळू लागले.

निधन

कॅरियर यांचे १९५० मध्ये न्यूयॉर्क येथे निधन झाले. बफेलो येथील फॉरेस्ट लॉन दफनभूमीत त्यांचे दफन करण्यात आले.