हॅनकॉकचं लोणचं

थॉमस हॅनकॉकचा जन्म १७८६ सालचा, इंग्लंडमधल्या मार्लबरो गावातला. लंडनला येऊन तो घोडागाड्या बांधायच्या धंद्यात पडला आणि तिथून रबराच्या नादी लागला. १८२०मध्ये त्याने हातमोजे, जोडे, कपडे यांना लावायच्या रबरी पट्ट्यांचं पेटंट घेतलं. पट्ट्या कापल्या की तुकडे उरायचे. रबर यायचं साता समुद्रापलीकडून; ते फेकायचं कसं?

रबराचे ताजे काप एकमेकांना चिकटतात, हे त्याने पाहिलं होतं. जितके बारीक तुकडे, तितके ताजे काप जास्त. म्हणून त्याने दातेरी लाकडी रूळ पोकळ नळकांड्यात बसवला, तुकडे घातले आणि हाताने फिरवू लागला. झालं उलटंच! रबर फाटण्याऐवजी तापलं, मऊ झालं आणि मळलेल्या कणकेसारखा एकसंध गोळा बाहेर आला. यंत्र कुणाला कळू नये म्हणून त्याने त्याचं पेटंटच घेतलं नाही. नाव ठेवलं ‘पिकल’, म्हणजे चक्क लोणचं! बारा-एक वर्षं ते गुपित टिकलं.

पण कच्चं रबर उन्हाळ्यात चिकट व्हायचं, थंडीत कडक. अमेरिकेत चार्ल्स गुडइयरने १८३९मध्ये गंधक आणि उष्णता वापरून त्यावर उपाय शोधला. त्याच्या रबराचे नमुने हॅनकॉकच्या हाती आले. मग हॅनकॉकने स्वतः प्रयोग केले आणि १८४३मध्ये इंग्लंडमधलं पेटंट मिळवलं. गुडइयर तिथल्या कोर्टातही हरला आणि १८६०मध्ये डोक्यावर कर्ज घेऊनच वारला. दुसऱ्याचे नमुने पाहून मिळवलेलं यश कितपत आपलं, हा प्रश्न हॅनकॉकच्या नावाला अजून चिकटलेला आहे.

मला मात्र दुसरी गोष्ट जास्त अस्वस्थ करते. गंधक रबराचे रेणू एकमेकांना बांधून टाकतं. असं रबर वितळत नाही, पुन्हा मळताही येत नाही. ज्याने उरलेले तुकडे वाचवले, त्यानेच न वाचणारे तुकडे जगाला दिले. आदिलाबादवरून जाणाऱ्या नागपूर-हैदराबाद महामार्गावर धावणाऱ्या ट्रकांचे टायर याच जातीचे. झिजलेले टायर आता दळून त्यांची पूड करतात आणि नव्या रबरात थोडी थोडी मिसळतात. जास्त घातली तर माल कमजोर होतो, कारण जुना कण नव्या रबराला घट्ट धरत नाही. पूड बारीक असेल तर जरा बरं.

हॅनकॉक १८६५मध्ये गेला. त्याच्या लोणच्याची नातवंडं-पतवंडं कारखान्यांत अजून रबर मळतायत, आणि त्यांच्या पोटात आता ही पूडही पडते.