वसईआधी वेसावे: चिमाजी अप्पांकडून मॅनेजरने काय शिकावं?

अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड ज्या साष्टी बेटावर वसले आहेत, ते सुमारे दोनशे वर्षं पोर्तुगीजांकडे होतं. ते मराठ्यांकडे आणणारे चिमाजी अप्पा राजे नव्हते. थोरल्या बाजीरावांचे धाकटे भाऊ, प्रकृतीने नाजूक.

१७३७ मध्ये ठाणे हाती आलं, वसई मात्र पडली नाही. टार्गेट हुकलं की टीमवर खापर फोडणारे साहेब हल्ली कमी नाहीत. अप्पांनी कामाचा क्रम बदलला. १७३९ च्या सुरुवातीला तारापूर, अंधेरीजवळचं वेसावे, भाईंदरजवळचं धारावी (झोपडपट्टीचं नव्हे) ही ठाणी घेतली. एकट्या पडलेल्या वसईला मग वेढा घट्ट आवळला. तटाखाली सुरुंग लावले. त्यातले काही उशिरा उडाले आणि आपलीच माणसं गेली. हजारो मराठे कामी आले.

मे महिन्यात किल्ला शरण आला. एवढं रक्त सांडल्यावर सूड सोपा होता. अप्पांनी मात्र पोर्तुगीजांना हत्यारं, सामान आणि कुटुंबासह बाहेर पडू दिलं, ठरलेला शब्द पाळला.

डिसेंबर १७४० मध्ये, बाजीरावांनंतर काही महिन्यांतच, अप्पाही गेले.